कोडावर पेशी आल्या, उजेडासाठी मात्र एस.टी. गाठावी लागते

पोरीच्या कोपरावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला की आपल्याकडच्या घरात काय सुरू होतं, ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. आधी आई तो ठिपका झाकते. मग दूध आणि मासे एका दिवशी खाणं बंद होतं, दही-ताक-लिंबू सुटतं, कुणीतरी सांगतं म्हणून मीठही तुटतं. मग बावचीचं तेल येतं. त्यानंतर शेजारच्या गावातला जाणता, जत्रेतला वैदू, आणि शेवटी भिंतीवर रंगवलेला 'सफेद दाग'वाला फोन नंबर. दोन-तीन वर्षं अशी जातात. ठिपक्याचा चट्टा होतो, आणि दावणीची एखादी म्हैस विकलेली असते.

आता या रांगेत एक नवी पाटी येऊन उभी राहिली आहे. 'स्टेम सेल', 'रिजनरेटिव्ह', 'पेशी उपचार'. शहरातल्या चकचकीत दवाखान्यांवर ती दिसते, मोबाईलवर तर उठल्यासुटल्या दिसते. खेड्यातला बाप विचारतो, "ह्ये खरं हाय का वो? का ह्येबी त्यातलंच?"

तर त्यातले एक खरे आहे आणि बरेचसे खोटे आहे. जे खरे आहे ते आपल्या खेडुताला मिळत नाही, त्याचे कारण मात्र फारसे डॉक्टरी नाही. ते एस.टी.च्या वेळापत्रकात आणि बुडणाऱ्या रोजगारात आहे. त्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

कोड म्हणजे काय, हे आधी नीट सांगितले पाहिजे. कातडीला रंग देणाऱ्या पेशींना डॉक्टर मेलॅनोसाइट म्हणतात. आपण रंगपेशी म्हणू. रोगजंतूंशी लढणारी शरीराची जी फौज असते, तीच काही माणसांत चुकून या रंगपेशींवर उलटते आणि त्यांना मारते. जिथे त्या मेल्या तिथे कातडी दुधासारखी पांढरी पडते. हा संसर्ग नाही. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका टॉवेलने अंग पुसल्याने तो लागत नाही. जगात शंभर माणसांत एखाद्याला, फार तर दोघांना तो असतो. दूध आणि मासे एकत्र खाऊन तो होत नाही. (पांढरा रस्सा ओरपणाऱ्या कोल्हापूरकरांनी तर अगदीच निर्धास्त राहावे.)

मोठा घोटाळा नावाने केला. कुणीतरी त्याला 'श्वेतकुष्ठ' म्हटले आणि कोडाची गाठ महारोगाशी बांधली गेली. कोल्हापुरात शेंडा पार्कचे कुष्ठधाम सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या आजाराशी कोडाचे काहीही नाते नाही. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, त्याचा चट्टा फिकट असतो पण दुधासारखा पांढरा नसतो, आणि त्या चट्ट्यावर बहुधा बधिरपणा असतो. कोडाच्या डागावर टाचणी टोचा, चटकन कळते. खुद्द कुष्ठरोगही आता गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात जे कलम होते तेही २०१९ साली काढून टाकले गेले. कायदा सुधारला. सोयरीक जुळवणारे मध्यस्थ अजून तिथेच आहेत.

'घरात कोड आहे' म्हणून सोयरीक मोडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की कोड असलेल्याच्या सख्ख्या भावंडांत किंवा मुलांत ते दिसण्याचे प्रमाण शंभरात सहा-सातांच्या आसपास आहे. म्हणजे नव्वदाहून अधिक जणांना ते होत नाही. साखर आणि ब्लडप्रेशर यापेक्षा कितीतरी जास्त घराण्यात चालतात. त्यासाठी कुणी लग्न मोडल्याचे ऐकले आहे काय?

शेतकरी मंडळी आणखी एक गोष्ट हमखास विचारतात. म्हशीच्या अंगावर पांढरे चट्टे पडले तर पशुवैद्यक तांब्याच्या कमतरतेकडे बघतात आणि क्षार देतात. मग माणसाला तांब्याच्या भांड्यातले पाणी का नको? पाणी खुशाल प्यावे, पण त्याने कोड जात नाही. म्हशीचे दुखणे वेगळे, माणसाचे वेगळे.

एक कारण मात्र खरोखर आपल्या हातात आहे, आणि त्याची चर्चा होत नाही. काही रसायने थेट रंगपेशी मारतात. १९३९ साली अमेरिकेत कातडी कमावण्याच्या कारखान्यातल्या मजुरांच्या हातांवर पांढरे चट्टे उठले. शोध घेता रबरी हातमोज्यातले एक रसायन सापडले. आपल्याकडे टिकलीच्या गोंदातल्या अशाच रसायनाने कपाळाच्या मध्यभागी नेमका टिकलीएवढा पांढरा ठिपका पडतो, हे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी कितीदा दाखवून दिले आहे. बाजारातल्या स्वस्त रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पायावर पट्ट्याच्याच आकाराचा डाग पडतो, तोही याच जातीचा. कातडीचे काम, चिकटवायचे सोल्युशन, रबर हे ज्या कोल्हापुरात घराघरांत आहे तिथे तरी हे माहीत हवे. डाग वस्तूच्या आकाराचा असेल तर आधी ती वस्तू बंद करा, तेलाची बाटली नंतर.

आता उपचाराकडे येऊ. पांढऱ्या डागात रंग परत येतो तो बहुतेक वेळा केसांच्या मुळांतून. कातडीवरच्या रंगपेशी मेल्या तरी केसाच्या मुळाशी काही शिल्लक राहिलेल्या असतात, जणू कणगीच्या तळाला बियाणे उरावे तशा. औषध आणि ठरावीक उजेड मिळाला की त्या वर सरकतात आणि डागात तपकिरी ठिपके उगवू लागतात. म्हणून ज्या डागावरचे केस काळे आहेत तिथे आशा जास्त. केसच पांढरे झाले असतील तर बियाणेच संपले असे समजावे. बोटांची टोके, तळवे, ओठ इथे केसच नाहीत, म्हणून तिथले डाग हट्टी असतात.

उजेडाचा उपचार आपल्या देशाला नवा नाही. बावची लावून उन्हात बसणे हे आयुर्वेदात फार जुने. बावचीत सोरालेन नावाचा पदार्थ असतो. इजिप्तमध्येही अशीच एक वनस्पती वापरात होती, आणि १९४० च्या दशकात कैरोचे डॉ. एल मोफ्ती यांनी तिच्यातल्या शुद्ध सोरालेनचा वापर शास्त्रशुद्ध रीतीने सुरू केला. तेव्हा आपली आजी बावची सांगत होती ती काही वेडी नव्हती. पण तिच्या सल्ल्यात मोजमाप नव्हते. सोरालेन लावलेल्या कातडीला पाच मिनिटांचे ऊन औषध असते आणि अर्ध्या तासाचे ऊन निखारा. भांगलणीला गेलेल्या बाईने हाताला बावचीचे तेल लावले तर ती पाच मिनिटांनी सावलीत कशी जाणार? फोड येतात, जखम होते. कोड चालू अवस्थेत असेल तर जखमेच्या जागी नवा डाग उठतो, तो आणखी वेगळा. उसाच्या पानाने कापले त्या रेषेवर पांढरी रेघ उमटते ती यामुळेच.

म्हणून आता सोरालेनपेक्षा सुरक्षित असा ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील उजेड ट्यूबमधून दिला जातो. कोडावर त्याचा गुण १९९७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी दाखवला. औषध प्यावे लागत नाही, गर्भवती बाईलाही देता येतो, लहान मुलालाही. गोम एवढीच की तो आठवड्यातून दोन-तीनदा, निदान सहा महिने, बहुतेकदा वर्षभर घ्यावा लागतो. ही गोम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि आता ती 'पेशी'. ज्या डागात बियाणेच उरलेले नाही तिथे दुसरीकडून आणून पेरायचे, ही कल्पना साधी आहे. सुरुवातीला मांडीवरच्या कातडीचे बारीक टिकलीएवढे तुकडे काढून डागात लावत. कोलंबियाचे डॉ. फालाबेला यांनी १९७० च्या दशकात या कामाला वळण दिले. मग पोकळी ओढून फोड आणायचा आणि फोडाची पातळ साल डागावर चढवायची अशी रीत आली. त्यासाठी परदेशात महागडे यंत्र. आपल्याकडच्या डॉक्टरांनी ते साध्या इंजेक्शनच्या सिरिंजांवर भागवले. खेड्यातल्या माणसाला हे वाचून बरे वाटावे, कारण असला जुगाड कुणा उद्योगपतीच्या कामाचा नसतो. तो गरीब रुग्णासाठीच झालेला असतो.

पुढची पायरी १९९२ मध्ये फ्रान्समध्ये पडली. मांडीची अगदी पातळ साल काढायची, ट्रिप्सिन या पाचकद्रव्यात ती ऊबेला ठेवायची, पेशी सुट्या करायच्या, आणि ते पाणी डाग खरवडून त्यावर पसरायचे. वर पट्टी बांधायची, आठवडाभर ती हलवायची नाही. बस्स. प्रयोगशाळेत महिनाभर पेशी वाढवण्याची गरज नाही, सगळे एका बैठकीत उरकते. फायदा असा की पोस्टाच्या तिकिटाएवढ्या सालीतून पाच-दहा तिकिटांएवढा डाग भरतो. रोपाची तरू टाकून लावण करावी तसाच हा हिशेब. मुंबईचे डॉ. संजीव मुळेकर यांनी २००३ पासून या पद्धतीचे आपले दीर्घकाळचे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत मांडले. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये आणि चंदीगडच्या 'पीजीआय'मध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यांत, त्यावर मोठे काम झाले. 'एम्स'च्या मंडळींनी २०११ मध्ये केसांच्या मुळांतून, जिथे खऱ्या अर्थाने मूळपेशी असतात तिथून, पेशी काढून लावून दाखवल्या. २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच धर्तीचा, जागेवर पेशी सुट्या करून फवारणारा संच कोडासाठी मंजूर केला. म्हणजे जगाने आता शिक्का मारला ते काम आपल्या सरकारी दवाखान्यांतले डॉक्टर वर्षानुवर्षे करत आलेले आहेत.

पण हे सर्वांसाठी नाही, आणि हीच गोष्ट पाटीवाले सांगत नाहीत. कोड निदान वर्षभर थांबलेले हवे. नवा डाग नाही, जुना वाढलेला नाही, खरचटल्या जागी पांढरे झालेले नाही. चालू कोडात रोपण केले तर शरीराची तीच फौज नव्या पेशीही खाऊन टाकते, वर मांडीवर जिथून साल काढली तिथेही डाग पडू शकतो. उभ्या वणव्यात रोप लावण्यातला प्रकार. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे येऊन थांबलेले कोड असेल तर गुण उत्तम येतो, डॉ. मुळेकरांच्या नोंदींत अशा रुग्णांपैकी शंभरातल्या ऐंशीहून अधिक जणांचा रंग जवळजवळ पूर्ण भरला. सर्वांगावर पसरणाऱ्या कोडात हेच प्रमाण निम्म्याच्या थोडे वर राहिले. बोटांची पेरे, गुडघे, घोटे इथे डॉक्टरही हातचे राखून बोलतात. नवा रंग भरायला सहा महिने ते वर्ष लागते, आणि सुरुवातीला तो आजूबाजूच्या कातडीपेक्षा वेगळाही दिसतो.

मग खोटे कुठले? मोबाईलवर 'स्टेम सेलचे इंजेक्शन', 'एक्सोसोम', 'एका महिन्यात गॅरंटी' म्हणून जे विकले जाते ते. एक्सोसोमच्या एकाही औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेली नाही. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या व तत्सम काही ठरावीक आजारांतले रोपण सोडले, तर मूळपेशींचा वापर मान्य चाचणीबाहेर उपचार म्हणून विकता येत नाही, आणि चाचणीत घेतलेल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. तेव्हा कुणी बाटलीतल्या मूळपेशी टोचण्याचे लाखभर मागू लागला तर एकच प्रश्न विचारावा, "ही चाचणी हाय का? मग पैसं कशाचं?" मांडीची साल काढून त्याच दिवशी लावणे हे निराळे काम आहे, त्याला असल्या बाटल्या लागत नाहीत.

आणि 'गॅरंटी'बद्दल तर कायदा १९५४ चा आहे. जादूटोण्याच्या व आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्धच्या त्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात ज्या आजारांची नावे आहेत, त्यांत कोडाचे नाव ठळकपणे आहे. कोड बरे करतो अशी औषधाची जाहिरात करणे हाच गुन्हा. तो सत्तर वर्षे कागदावर आहे आणि भिंती सत्तर वर्षे रंगत आहेत. इथे वर्तमानपत्रांनाही दोष द्यावा लागेल. 'सफेद दाग' आणि खाली पोस्टाची पेटी, या चौकटी छापून आपल्या व्यवसायाने वर्षानुवर्षे चार पैसे मिळवले आहेत. अन्न व औषध प्रशासनाने एस.टी. स्टँडच्या भिंतीपासून सुरुवात केली तरी पुष्कळ झाले.

आता ती गोम. रोपण झाल्यावर काम संपत नाही. लावलेल्या पेशींना वाढायला बऱ्याचदा तोच ट्यूबचा उजेड लागतो. ज्यांना रोपणाची गरज नाही त्यांना तर नुसता उजेड आणि मलमच पुरते. आता चंदगड तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरच्या बाईचा हिशेब मांडा. कोल्हापूर शंभरावर किलोमीटर. आठवड्यातून दोनदा. २०२३ पासून बायकांना एस.टी.चे अर्धे तिकीट झाले, हे चांगलेच झाले, पण तिकीट अर्धे झाले तरी दिवस अख्खाच जातो. उजेडाखाली उभे राहायचे ते काही मिनिटे, आणि त्यासाठी दोन दिवसांची मजुरी, गुरांचे वैरणपाणी, पोरांची शाळा. सुगीत कोण जाणार? उसाच्या हंगामात तर विचारायलाच नको. आठ-दहा फेऱ्या होतात, पहिले ठिपके उगवायच्या बेताला बाई थांबते, आणि गावात बोलवा उठते की "सरकारी दवाखान्यात जाऊन काय बी झालं न्हाई." मग भिंतीवरचा नंबर आहेच.

मला स्वतःला वाटते, कोडाच्या उपचारातली आपल्या जिल्ह्यातली खरी गळती इथे आहे. पेशी काढणारा सर्जन जिल्ह्याच्या गावी एक असला तरी चालेल, कारण त्याच्याकडे एकदाच जायचे आहे. उजेड मात्र तालुक्याला हवा. ते यंत्र काही एमआरआय नव्हे. ट्यूबा बसवलेली एक चौकट असते. हातापायाच्या डागांसाठी तर हातात धरायचा छोटा दिवाही मिळतो. डॉक्टरने मात्रा लिहून दिली की शिकवलेली परिचारिका घड्याळ लावून, डोळ्यांना चष्मा घालून तो देऊ शकते. गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि चंदगड, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा या लांबच्या तालुक्यांत असा दिवा आठवड्यातले तीन दिवस, आणि तोही बाजाराचा दिवस धरून, मिळाला पाहिजे. सी.पी.आर.ला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे, त्वचारोग विभाग आहे. रोपणासाठी तिथे ठरलेला वार असावा आणि तो वार तालुक्याच्या दवाखान्यातल्या पाटीवर लिहिलेला असावा. जिल्हा नियोजन समितीत रस्ते आणि समाजमंदिरांवर तास तास बोलणाऱ्या सभासदांनी एकदा या दिव्याचा ठराव आणावा.

'हे तर सौंदर्याचे चोचले' असे म्हणणारे निघतील. त्यांना दोन गोष्टी दाखवाव्यात. एक, सैन्यभरती. ज्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावे आहेत, जिथे पहाटे पोरे रस्त्यावर धावताना दिसतात, तिथे उघड्या अंगावरचा थोडासा डागही वैद्यकीय तपासणीत पोराला बाहेर काढतो. पळण्यात पहिला, आणि मनगटावरच्या डागाने घरी. दुसरी, लग्न. पोरीचे शिक्षण, घरकाम, शेतकाम सगळे पसंत, आणि पदर सरकला की स्थळ परत. यात सौंदर्य कुठे आले? ही भाकरीची आणि संसाराची गोष्ट आहे.

अर्थात प्रत्येक डाग गेलाच पाहिजे असेही नाही. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांना स्वतःला कोड आहे. त्यांनी 'श्वेता असोसिएशन' उभी करून कोड असलेल्यांना एकत्र आणले, त्यांचे वधूवर मेळावे भरवले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा मराठी चित्रपट २००६ साली याच विषयावर आला. त्यातली कोड असलेली नायिका डोळ्यांची डॉक्टर आहे. असे मेळावे पुण्यात होतात, आपल्याकडे तालुक्याला का होऊ नयेत? महिला बचत गटांच्या बैठकीत पापड-लोणच्याच्या जोडीने हा एक विषय घेता येईल. उपचार घ्यायचा की डागांसकट नीट जगायचे, हे त्या माणसाने ठरवायचे. सोयऱ्याधायऱ्यांनी नव्हे.

सी.पी.आर.ला किंवा कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणार असाल तर आजपासून एक करा. डागाशेजारी रुपयाचे नाणे ठेवून दर महिन्याच्या एक तारखेला मोबाईलवर फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, एकाच अंतरावरून. पूर्वी लावलेल्या तेला-मलमांच्या बाटल्या आणि चिठ्ठ्या सोबत न्या, लाजू नका. कोड थांबले आहे की चालू आहे, रोपण करायचे की नुसता उजेड द्यायचा, हे त्या बारा फोटोंवरून डॉक्टरला ठरवता येते.